ओढगुरूंचा रुमाल

कर्करोग पांढऱ्या रुमालाला घाबरतो. वैद्यकशास्त्राला हे अजून कळलेलं नाही. आमच्या मावशीला मात्र एका बुधवारी साडेचार वाजता कळलं.

टाइल्सच्या दुकानावरचा हॉल खच्चून भरला होता. ओढगुरूंनी माझ्या आईच्या डाव्या छातीवर, कपड्यांवरूनच, कडक इस्त्रीचा रुमाल ठेवला. "रोग म्हणजे अंधार! मी ओढतो, तो येतो!" म्हणत बाटलीतलं पिवळट पाणी शिंपडलं. रुमालावर काळाशार डाग उमटला. टाळ्या. मावशी रडत म्हणाली, "ताई, निघालं बघ गं!"

"आता गोळ्या बंद," गुरूंनी फर्मावलं. "गोळ्या रोगाला आत ढकलतात, मी बाहेर ओढतो. उगाच ओढाताण नको."

आईचा स्तनाचा कर्करोग चार वर्षांनी परतला होता. आता मणक्यांत आणि यकृतात. गोळ्यांनी तो बरा होणार नव्हता, फक्त आवरला जाणार होता. डॉक्टरांनी हे तोंडावर सांगितलं. गुरू म्हणाले, बरा करतो. कोण जिंकणार, हे सांगायला ज्योतिषी नको. तीन आठवडे गोळ्या डब्यातच राहिल्या.

हे सगळं मावशीने मला फोनवर सांगितलं, तेही त्या तीन आठवड्यांनंतर. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. पण त्या संध्याकाळी आईकडे पोचले तेव्हा मला ज्ञानप्रसार वगैरे करायचा नव्हता. मला त्या माणसाचं नाक कापायचं होतं.

"आई, त्याने रुमाल कुठे ठेवला?"

"डावीकडे."

"डावीकडे तुझं काय आहे?"

आईचा डावा स्तन चार वर्षांपूर्वीच काढला होता. तिथे असतं ते सिलिकॉनचं पॅड.

"चारचौघांत कसं सांगणार गं? मला वाटलं, आतली मुळं ओढत असेल."

मी दोन रुमालांना दाट खळ देऊन इस्त्री केली आणि शाळेतून पातळ आयोडीन आणलं. एक उशीवर ठेवून आयोडीन शिंपडलं: काळा. दुसरा टीव्हीच्या रिमोटवर ठेवून शिंपडलं: रिमोटलाही कर्करोग निघाला.

आई हसली नाही. "बुधवारी मी बोलणार. मी सांगेपर्यंत तू तोंड उघडायचं नाहीस."

बुधवारी पुन्हा डाग पडला. गुरू गरजले, "गाठ विरघळतेय!"

"कुठली हो?"

"हीच, ताई! बोटांना स्पष्ट लागतेय!"

आईने पाठ फिरवली, गळ्यातून हात घातला आणि पॅड काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"मग घरीच न्या ही. कारखान्यात बनलीय. हिला रोग असेल तर कंपनीला कळवा."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. गुरू पुटपुटले, "श्रद्धा नसेल तर..."

"श्रद्धा होती म्हणूनच तीन आठवडे गेले," आई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "बोल आता."

मी त्यांचाच कोरा रुमाल त्यांच्याच छातीवर ठेवून त्यांचीच बाटली उलटी केली. काळाकुट्ट! "खळीतल्या पिठाला आयोडीन लागलं की असं होतं," मी जमलेल्या लोकांना म्हणाले. "शेवटच्या बैठकीला खळच नसते. रुमाल पांढरा राहतो आणि तुम्ही बरे होता."

गुरू मागच्या जिन्याने उतरले. मला फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी पोलिसांत तक्रार दिली. तीन पानी, सुवाच्य अक्षरात.

तेव्हा मंडळी, टाळ्या वाजवण्याआधी एकदा तोच रुमाल भिंतीला लावून बघा. आणि औषध बंद करा म्हणणारा कितीही गोड बोलला, तरी आधी डॉक्टरांना विचारा.

गुरुवारी आईने गोळ्या पुन्हा सुरू केल्या. गोळ्या बंद करण्याआधी यकृतात दोन गाठी होत्या. आता तीन आहेत.