थेंबाभोवतीचे कडे

केशनळीतले स्फटिक एकशे चौदा अंशांनाच ओलावले आणि एकशे एकोणीसपर्यंत पार वितळले. तपासनीस मुलीने भिंगावरून डोळा काढला.

“काका, शुद्ध बेंझोइक आम्ल एकशे बावीसला वितळतं. कालच्या मालात काहीतरी उरलंय.”

“माझ्या मालात?” वृद्ध रसायनज्ञ हसले. तीस वर्षांत त्यांचा माल परत आला नव्हता. उद्या साहेब त्यांच्या नोकरीच्या मुदतवाढीचा निर्णय घेणार होते.

प्रक्रिया त्यांना मुखोद्गत होती. परमँगनेट मूळ द्रवाला ऑक्सिजन देते, त्याचे आम्ल करते आणि देता देता स्वतःचा जांभळा रंग गमावून तपकिरी गाळ होते. गाळणकागदावर टाकलेल्या थेंबाभोवती जांभळे कडे टिकले, की द्रव संपला असे समजावे. एरवी उरलेला द्रव स्फटिकांत शिरतो आणि त्यांना लवकर वितळवतो.

आजचे मिश्रण शेगडीवर होतेच. त्यांनी कागदावर थेंब टाकला.

“हे बघ कडं.”

मुलीने वाकून पाहिले. त्यांनी कागद खिडकीशी नेला.

“काका, नुसता तपकिरी ठिपका आहे.”

एवढ्यात बाटल्या धुणाऱ्या मावशी आत आल्या. काल त्या रजेवर होत्या. कागदावर ओझरती नजर टाकून त्या नेहमीच्या ठसक्यात म्हणाल्या, “आजही हात आखडताच का, काका? घाला की अजून चमचाभर!”

वर्षभर हा टोमणा ऐकून ते हसत आणि चमचाभर परमँगनेट घालत. आज चमचा हातातच राहिला.

“मावशी, तुम्हाला कधी कळलं?”

“माझ्या जांभळ्या रुमालाला तुम्ही तपकिरी म्हणालात तेव्हा.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलत होते की. रोज.”

रसायनज्ञ उठले. स्वतःची खुर्ची त्यांनी मावशींकडे सरकवली आणि आजचे नोंदपत्रक उघडून ‘रंग पाहणारा’ या रकान्यावर बोट ठेवले.

“इथे तुमची सही.”

“काका,” मुलगी हळूच म्हणाली, “उद्या साहेब हेच पत्रक बघतील.”

“बघायलाच हवं.”

मावशी ओले हात पुसून खुर्चीच्या कडेला टेकल्या. त्या एकेक अक्षर जपून काढू लागल्या. सही होईपर्यंत रसायनज्ञ पत्रक हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून, किंचित वाकून उभे होते.