सहाशे चाळीस मीटरवरची फट

विहिरीत सहाशे चाळीस मीटर खोलीवर, लोखंडी पाइप आणि खडक यांच्यामधल्या फटीत, माझा भाऊ विश्रामदादा राहतो, हे आम्हाला मंगळवारी सकाळी कळलं.

विहीर पाण्याची नव्हती. गावच्या गरम कुंडांमागे, जमिनीतल्या वाफेवर वीज करण्यासाठी ती खोदली होती. पाइपाभोवती सिमेंट भरणं हे माझं काम. सिमेंट नीट बसलंय का ते ऐकून तपासतात. पाइपात यंत्र सोडायचं. भरीव जागी आवाज मरतो, पोकळ जागी पाइप घंटेसारखा वाजतो. सहाशे चाळीसवर तो वाजला नाही. "शालन, आई बरी आहे ना?" असं त्यातून ऐकू आलं. दादा अकरा वर्षांपूर्वी कुंडावर आंघोळीला गेला होता, तो परतला नव्हता.

आमचे प्रमुख धारप साहेब यांनीही हेडफोन लावून ऐकलं. फट राहिली तर वाफ तिच्यातून वर चढेल, पाइप फुटेल आणि खालच्या वाडीतली सत्तर घरं भाजून निघतील, असं ते म्हणाले. संध्याकाळच्या आत भरायची.

मी आईला बोलावून घेतलं. ती दुपारच्या एसटीने आली आणि विहिरीच्या तोंडाशी बसली. तिने त्याला वर यायला सांगितलं.

"सात इंचांच्या पाइपातून कसा येऊ?" दादा म्हणाला.

"मग गेलास कसा?"

"तेव्हा पाइप नव्हता."

आईला ते पटलं.

मग त्याने मला सिमेंट कुठलं ते विचारलं. मी सांगितलं, साधं सिमेंट या उष्णतेत भुसभुशीत होतं, म्हणून सिलिकाची बारीक पूड घातली आहे. किती वर्षं टिकेल, असं त्याने विचारलं. तीस, मी म्हणाले. 

"थांब. आधी नीट बसून घेतो," तो म्हणाला.

माझा हात पंपाकडे जाईना. आईने उठून बाही वर सारली आणि कालवलेल्या सिमेंटच्या टाकीत हात घातला. आंबोळीचं पीठ बघावं तसं तिने ते बोटांतून सोडून पाहिलं.

"घट्ट आहे. त्याच्या घशाला लागेल. जरा पाणी घाल."

पाणी वाढवलं तर ते टिकणार नाही, असं मी तिला सांगितलं. आणि पंप सुरू केला.

दादा कळवत राहिला. घोटे. गुडघे. कंबर. छातीपर्यंत आल्यावर, कोमट आहे, बरं वाटतंय, असं म्हणाला. पुढे फक्त पंप ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी यंत्र वरपासून तळापर्यंत गप्प होतं. आई तिथेच बसून होती. तिने हात धुतला नव्हता. मनगटापर्यंत तो करडा झाला होता. उठण्यासाठी तिने माझा हात धरला आणि मग तो सुटेना. मी ओढला नाही.

धारप साहेब छोटी हातोडी घेऊन आले. त्यांनी आईच्या बोटांवर ठोकून कान लावला. मग माझ्या मनगटावर, मग कोपरावर.

"भरीव," ते दर वेळी म्हणाले.

मग त्यांनी माझ्या खांद्यावर ठोकलं. आतून कुणीतरी उलट ठोकलं. धारप साहेबांनी पंपवाल्याला पंप सुरू करायची खूण केली.