सुनंदाताई घसरल्या नव्हत्या

सोलापूरच्या वैशाखात, दवाखान्याचे पत्रे तापून कडकडू लागले की, सुनंदाताई ओंजळभर पाणी चेहऱ्यावर मारत आणि पुसत नसत. हनुवटीवरून शेवटचा थेंब ओघळेपर्यंत डोळे मिटून निश्चल उभ्या राहत. त्या परिचारिका, मी तिथलीच कारकून. कुंभारी गावात टँकरची वाट पाहत वाढलेल्या त्यांच्या देहात पाण्याची एक आदिम ओढ होती. निवृत्ती जवळ आली तेव्हा त्यांनीच हट्ट धरला, "हिमाचलात लई धबधबे हायत म्हणं. एकदा डोळं भरून पाणी बघू की!"

देवदारांच्या गर्द सावलीतून दोन तास चढून आम्ही पहिल्या धबधब्यापाशी पोचलो. तो शुभ्र कल्लोळ पाहून ताई थेट पुढे झाल्या. तापलेल्या रुग्णाच्या कपाळाला लावावा तसा हाताचा पालथा पंजा त्यांनी पाण्याला लावला, आणि कितीतरी वेळ तो तसाच राहू दिला.

तिसऱ्या दिवशीचा धबधबा मात्र गढूळ होता. वर पाऊस झाला होता. स्थानिक वाटाड्याने दोरी बांधून पलीकडे जायला मनाई केली. आमच्या सहलीचे आयोजक, ताईंच्याच गावातले प्रतिष्ठित गृहस्थ, फोटोसाठी ती दोरी हसत हसत ओलांडून गेले आणि शेवाळावर त्यांचा पाय सुटला. सर्वांत जवळ ताई होत्या, त्यांच्यामागे मी; बाकीची मंडळी अजून वाटेवर होती. ताईंनी त्या गृहस्थांना मनगटाला धरून काठावर ओढले. त्याच झटक्यात ताईंचा स्वतःचा तोल गेला. पाण्याने त्यांना ओरडायलाही अवधी दिला नाही.

"फोटोच्या नादात ताई दोरीपलीकडे गेल्या," असे त्या गृहस्थांनी ताईंच्या घरी कळवले. मी ऐकले आणि गप्प बसले. परतीची सारी व्यवस्था त्यांच्या हाती होती, आणि परतल्यावरही त्यांच्या गावातल्या वजनाची मला भीती वाटत राहिली.

अकराव्या दिवशी, कुंभारीतल्या शोकसभेत, ते गृहस्थ गहिवरून म्हणाले, "निसर्गापुढे कुणाचे चालते?"

ताईंची वृद्ध आई पुटपुटली, "येवढी शिकलेली पोर माझी, अशी कशी येड्यावानी पुढं गेली?"

माझ्या आत काहीतरी पेटले. मी उठले. "आजी, ताई पुढं गेल्या नव्हत्या. हे गेले होते. ह्यांना ओढताना त्या गेल्या."

"बाई, तुम्ही अजून धक्क्यात आहात," ते म्हणाले.

"धक्क्यात होते, म्हणून गप्प होते!"

म्हातारी भिंतीला धरून उठली, त्यांच्यासमोर उभी राहिली. "तुमाला वाचवलं तिनं. येवढं सांगायला बी जड झालं व्हय?"

ते खाली मान घालून निघून गेले. कुणी त्यांना थांबवले नाही.

माझा संताप अजून निवलेला नाही, आणि त्यातला अर्धा माझ्यावरच आहे. ताईंच्या नसण्याची धार काळ कदाचित बोथट करील. पण एका आईने आपल्या गेलेल्या लेकीला वेडी समजून काढलेले ते दिवस कोणत्याच काळाला पुसता येणार नाहीत.