दोन महिने म्हणणाऱ्यांची खुर्ची

आज सकाळी सव्वानऊ वाजता माझा डावा हात मोडला. क्ष-किरण विभागाचे प्रमुख, म्हणजे मोठे सर, त्यावर रेलून बोलत होते. "मी दोन महिन्यांत केली ही परीक्षा," असं ते म्हणाले आणि हात निखळून खाली पडला. कुणाला लागलं नाही.

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. माझा जन्म याच इस्पितळाच्या सुतारखान्यात झाला. सुताराने माझी पाठ मुद्दाम थोडी मागे कलती ठेवली, कारण बसणाऱ्याला फार वेळ बसायचं आहे, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्यानंतर या विषयावर मी खरं बोलणं क्वचितच ऐकलं.

इथे एक पद्धत आहे. डॉक्टर झाल्यावर, पुढे क्ष-किरणांचं शिक्षण घेतल्यावरही, तज्ज्ञ म्हणवून घ्यायला एक मोठी परीक्षा द्यावी लागते. ज्याची परीक्षा, त्याची मी. बाकीच्यांनी स्टुलावर बसायचं. पास झालेले माझ्या पाठीवर थाप मारून गेले. नापास झालेल्या एकाने मला अपशकुनी ठरवून महिनाभर जिन्याखाली ठेवलं. माझे खिळे सैल झाले तेव्हा कुणी पाहिलं नाही. त्याचं मला काही वाटत नाही. लाकूड आहे, झिजणारच.

माझा संताप वेगळा आहे. इथून उठलेला प्रत्येक जण आपले महिने कमी करून सांगतो. वर्षभर बसलेला चार महिने सांगतो. चार महिने बसलेला म्हणतो, "छे, शेवटी शेवटी जरा चाळलं." जास्त वेळ लागला हे कबूल करायची या शिकलेल्या माणसांना लाज वाटते. आणि नवीन आलेलं माणूस त्यांच्या शब्दावर आपलं वर्ष आखतं.

सध्या मी छोट्या मॅडमची आहे. विभागात त्या वयाने सगळ्यांत लहान, म्हणून हे नाव. घरी दोन वर्षांचं मूल आहे, ते त्यांची आई सांभाळते. परीक्षेला दोनदाच बसता येतं. पहिल्या वेळी "तीन महिने पुरतात" या भरवशावर त्या बसल्या आणि थोड्या गुणांनी नापास झाल्या. आता शेवटची संधी आहे. ती हुकली तर ही नोकरीही जाणार. परीक्षा दहा आठवड्यांवर आली आहे. ती सहा महिने पुढे ढकलायचा अर्ज आज संध्याकाळी पाचपर्यंत घेतात, आणि त्यावर विभागप्रमुखाची सही लागते.

म्हणून सकाळी त्यांनी विचारलं, "सर, खरं सांगा. आत्ता बसू, की पुढच्या वेळी?"

"अगं, घाबरतेस काय? मी दोन महिन्यांत केली ही परीक्षा."

तेव्हाच माझा हात गेला.

दारात सरांच्या पत्नी उभ्या होत्या. त्याही इथेच डॉक्टर आहेत, लहान मुलांच्या. एका पेशंटची फिल्म दाखवायला आल्या होत्या.

"दोन महिने?" त्या म्हणाल्या. "आपली मुलगी रांगायला लागली तेव्हा तू या खुर्चीत बसलास. ती पळायला लागली तरी उठला नव्हतास."

"जुन्या गोष्टी कशाला आता?"

"या खुर्चीची उशी मी शिवलीय. दोनदा. पहिली तू बसून बसून फाडलीस. आणि पहिल्या वेळेचा निकाल..."

"ते सांगायची गरज आहे का?"

"मला नाही. तिला आहे."

सर माझा मोडका हात उचलून उलटसुलट बघू लागले. मग म्हणाले, "हिने पुढे ढकललं, तर आणखी सहा महिने हिला रोज दोन तास मोकळी ठेवायची. माणसं कुठायत माझ्याकडे?"

मित्रांनो, तेव्हा मला कळलं. दोन महिन्यांचा आकडा ड्यूटीच्या तक्त्यातून आला होता.

मला कुणी विचारत नाही, तरी सांगते. दोन महिन्यांत पास झालेला एक जण मी खरंच पाहिला आहे. तो त्याआधी तीन वर्षं रोज संध्याकाळी थोडं वाचत होता. ते त्याने मोजलं नाही. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्यांना इथे आठ-नऊ महिने लागले, कुणाला वर्ष. जे रोज थोडे प्रश्न सोडवत आणि आपलं कुठे चुकलं ते त्याच दिवशी शोधत, ते शांतपणे उठले. शेवटी एकदम रात्रंदिवस बसणाऱ्यांनी माझे सांधे खिळखिळे केले आणि स्वतःचेही.

माझा हात जोडता येईल, त्याला चार खिळे पुरतील. पण तुम्ही कधी पास झालात आणि मागून येणाऱ्याने विचारलं, "किती दिवस लागले?", तर खरं सांगा. नापास झाला असाल, तर तेही सांगा. त्यात तुमचं काही जात नाही.

दुपारी एका तंत्रज्ञाने माझ्या हाताला प्लास्टरची पट्टी गुंडाळली आणि हाडासारखा एक्स-रे काढू का, म्हणून विचारलं. छोट्या मॅडम हसल्या नाहीत. त्या फोनवर बोलत होत्या, "आई, अर्ज दिलाय. नाही, अजून सही नाही. बघतो म्हणाले. तू त्याला झोपव."

आता साडेचार वाजले आहेत. सरांच्या खोलीचं दार बंद आहे. मॅडम बाहेर उभ्या आहेत.