हात भाजणारा पाईप

"तुमची माती हात भाजते, विहीणबाई."

"आणि तुमचं लाकूड काय पंख्याने वारा घालतं?"

हे सगळं भिंतीवरून. भिंत कमरेएवढी. अलीकडे मामंजींचा रंधा, पलीकडे माझ्या आईचं चाक. मी या सुताराची सून आणि त्या कुंभारणीची लेक. त्यामुळे कुणीही जिंकलं तरी हरलेल्याची समजूत मलाच काढावी लागते.

थांबा. भांडण कशावरून, ते आधी.

मडकी आता कुणी घेत नाही. घरोघरी पत्र्याच्या बादल्या आल्या. म्हणून आईने तंबाखूचे पाईप करायला घेतले. वाटी अंगठ्याएवढी, नळी वीतभर. तळ्याकाठची माती, दोनदा चाळलेली, पायाने तुडवून लोण्यासारखी केलेली. साठ पाईप फळीवर वाळत होते, भट्टीत जायचे बाकी. नमुन्यापुरता एक तिने चुलीत भाजून ठेवला होता.

त्या दिवशी बाजारातला तंबाखूवाला यायचा होता. नव्याने पाईप ओढायला लागणाऱ्यांसाठी त्याला दुकानात एकच प्रकार ठेवायचा होता. एकतर आईचा मातीचा, नाहीतर मामंजींचा, झाडाच्या मुळाच्या गाठीतून कोरलेला.

सकाळीच आई मला म्हणाली, "माझा नाही घेतला, तर साठच्या साठ पाण्यात भिजवते. झाला पुन्हा चिखल. चाक विकते आणि जाते धाकट्याकडे."

धाकटा म्हणजे माझा भाऊ. दोन दिवसांच्या वाटेवर राहतो.

मामंजींना हे माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते मुद्दाम हरले असते, आईने ते ओळखलं असतं, आणि मग तर ती त्याच संध्याकाळी... नकोच ते.

तंबाखूवाला आला. आल्या आल्या त्याने खिशातून तिसराच पाईप काढून भिंतीवर ठेवला. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा.

"खरं सांगू? नवशिक्याला हा बरा. हाताला गार, अंगाने हलका, मोडला तर रडू येत नाही."

आमच्या शेळीलाही तो पटला. नळी तेवढी उरली.

राहिले दोन.

"पारख मी करतो," मामंजी म्हणाले.

"तुम्ही? त्या बोटांनी? तुम्ही विस्तव धरलात तरी विचाराल, आज जरा ऊन आहे का म्हणून."

आईचं खरं होतं. मुरलेल्या माणसाच्या जिभेला आणि बोटांना काही कळत नाही. पाहिजे होता तो पिकल्या वयाचा कोरा माणूस. असा गावात एकच, आमचा मधवाला. पन्नाशी उलटली तरी कधी झुरका मारलेला नाही. पण पेट्या उघडताना माश्यांवर धूर सोडायचा तर दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून यंदा त्याने पाईप शिकायचं मनावर घेतलं होतं.

"बायकोने परवानगी दिलीय," तो बसता बसता म्हणाला. "फक्त माश्यांसमोर."

"दोन्ही ओढ," तंबाखूवाल्याने सांगितलं. "मग दुसऱ्यांदा आपणहून ज्याला हात घालशील, तो माझ्या दुकानात."

लाकूड.

वारा सुटला होता. नांगरलेल्या रानातली धूळ उचलून थेट अंगणात आणत होता. मधवाल्याने वाटी मुठीत धरली आणि त्याचा चेहरा खुलला. "वा! काहीच लागत नाही की हाताला!"

मामंजींनी मिशीवरून हात फिरवला.

काहीच लागत नाही म्हणून तो ओढत सुटला. फक, फक, फक. वरून वारा निखारा फुलवतोय, खालून हा ओढतोय. डोळ्यांना पाणी. कान लाल. मग एकदम जीभ बाहेर.

"शुताददादा," जीभ आत न घेताच तो म्हणाला, "जळलं."

जीभही आणि वाटीही. कोरं लाकूड ते, आतून राखेचा थर अजून धरलेला नव्हता. एका बाजूने पार काळं पडलं.

"अरे, हळू ओढायचं असतं!"

"मला कुणी सांगितलं?"

पाण्याचे दोन पेले. थोडी विश्रांती. शेळी नळी चघळतेय.

माती.

एक झुरका. दुसरा. तिसऱ्याला "आई गं!" आणि पाईप हवेत. मी झेलला. खरंच भाजत होता, खोटं कशाला बोलू.

मामंजी हसून हसून ओट्यावरून घसरले. "भाजला ना? भाजला ना हात? झाला निकाल!"

आईने फळीकडे पाहिलं. मी चाकाकडे.

मधवाला बोटांवर फुंकर मारत बसला. मग माझ्याकडून पाईप घेतला, या वेळी लांब नळीला धरून. एक झुरका मारला. वाटीला बोट लावून पाहिलं. थांबला. वाऱ्याकडे पाठ केली. पुन्हा एक. पुन्हा बोट, पुन्हा थांबणं. मध्येच माश्यांच्या गोष्टी सांगायला लागला. भिंतीची सावली चाकापर्यंत सरकली तेव्हा कुठे त्याचा तंबाखू संपला.



त्याने राख झटकली, आणि मातीचाच पाईप पुढे केला. "भरा अजून एक."

"अरे, हात भाजला ना तुझा?" मामंजी ओरडले.

"भाजला म्हणून तर थांबलो! जीभ बघा, आहे का काही? हा बाबा लगेच ओरडतो. तुमचा गप्प बसून जाळतो. आमच्या माश्यांचंही असंच आहे दादा, पहिल्याच दिवशी डंख बसला की माणूस हळू हात घालायला शिकतो."

तंबाखूवाल्याने फळीवरचे पाईप नजरेनेच मोजले. "सगळे."

आई उठली आणि चाकावरची धूळ पुसायला लागली.

मामंजी दोन दिवस रुसून बसले. तिसऱ्या दिवशी आईने भट्टी रचली तेव्हा ती चाक विकून जाणार होती, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी रंधा खाली ठेवला. मग ढलप्यांची टोपली भरली, थोडं थांबून आणखी दाबून भरली, आणि भिंतीवरून पलीकडे दिली. सगळ्यात वर तो काळा पडलेला पाईप.

आईने तो उचलून उलटसुलट पाहिला. "ओला नाही ना? जळेल नीट?"

"विहीणबाई," मामंजी म्हणाले, "जळण्यात तर तो पहिला आलाय."