सुरुवातीची फ्लॉपी

भिंगरीचं तोंड पुढे पळत होतं आणि बोट मागे रेंगाळत होतं. सात वर्षांची पोर खिडकीखाली मांडी घालून बसली होती, मांडीवर ब्रेलचं जाडजूड पुस्तक. "बदक पाण्यात गेलं, पिल्लू काठावर राहिलं," असं तिनं घडाघडा म्हणून टाकलं, तेव्हा बोट अजून 'बदक'वरच होतं. पोर पाणी प्यायला उठली तशी आईनं पुस्तकाची चार पानं गुपचूप उलटून ठेवली. भिंगरी परत आली, बसली, आणि भलत्याच पानावर बोट फिरवत तिनं पिल्लू पाण्यात उतरवलं, पोहायला शिकवलं, गोष्ट संपवून टाळी वाजवली.

"कसं वाचलं?"

"छान," आई म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

मग पोर झोपल्यावर तिनं स्वतः पानावरून बोट फिरवलं. दोन वर्षं एकच पुस्तक. ठिपके झिजून झिजून पान जवळजवळ सपाट झालं होतं. शाळेतल्या बाईंनी मागेच बजावलं होतं, "नवीन काहीतरी द्या हो तिला. वाचायला नसलं की बोटं आळसावतात, आणि एकदा अक्षरं बोटांतून गेली की परत आणताना नाकी नऊ येतात." दूरच्या एका संस्थेकडे नाव नोंदवून झालं होतं. तिकडून वर्षभर थांबा असं उत्तर आलं होतं.

हे कुणाशी तरी बोलावं असं तिला फार वाटलं. पण नवऱ्याची नोकरी दुसऱ्या गावी, तो यायचा रविवारी, आणि या गावात येऊन आठ महिने झाले तरी तिची ओळख अशी जिन्यातल्या 'काय, बरंय ना?'च्या पुढे गेली नव्हती. दिवसभरात भिंगरीशिवाय कुणाशी चार वाक्यं बोलली तर तो मोठा दिवस.

बुधवारी पोरीला शाळेत सोडून ती ब्रेल प्रेसमध्ये गेली. प्रेस म्हणजे एका गोदामाच्या माडीवरच्या दोन खोल्या आणि त्यांत एक माणूस. प्रेसवाले काका जन्मापासून आंधळे, साठी उलटलेली. पहिलीपासूनची सगळी पुस्तकं त्यांनी एकहाती टाइप केलेली.

"काका, वाचनमालेचा दुसरा भाग हवा होता."

"दुसरा आहे, तिसरा आहे, चौथाही आहे." त्यांनी शेजारचं लोखंडी कपाट थोपटलं. आत फ्लॉप्यांचे डबे ओळीनं लावलेले, प्रत्येकावर ब्रेलची चिठ्ठी. "पण घरात धान्य भरलेलं आणि चूल पेटत नाही, अशी गत झालीय. यंत्र तीन आठवडे बंद आहे. शनिवारी प्रेस चालवणाऱ्या संस्थेची गाडी येणार, सगळं भंगारात."

"आणि मग ही पुस्तकं?"

"ती या यंत्राशिवाय कुणाला वाचता येतात?"

छपाईयंत्राला जोडलेला कॉम्प्युटर इतका जुना होता, की त्याला स्वतःच्या पोटात काही साठवताच यायचं नाही. आधी एक सुरुवातीची फ्लॉपी घालायची. तिच्यावरून तो जागा व्हायचा. मग ती काढून छपाईच्या प्रोग्रॅमची, मग पुस्तकाची. काकांनी बटण दाबलं.

"ऐका. पूर्वी आधी गुरगुर, मग तीनदा टकटक, मग बारीकशी शिट्टी. शिट्टी झाली की समजायचं, स्वारी उठली. आता नुसतीच टकटक. कुणीतरी दार वाजवतंय आणि आत कुणी नाही."

"म्हणजे सुरुवातीची फ्लॉपीच गेली असणार," ती म्हणाली. "मी नवी करून देऊ? कॉलेजात कॉम्प्युटर हाच माझा विषय होता. नोकरीही केली चार वर्षं, भिंगरी व्हायच्या आधी." बोलून गेल्यावर तिला वाटलं, आपण दुसऱ्याच कुठल्या बाईविषयी सांगतोय.

काकांनी मान तिच्याकडे वळवली. "करा की. नाही जमलं तर बिघडायचं काय? बिघडलेलंच आहे."

तिच्या लॅपटॉपला फ्लॉपीची फट कुठली असायला! बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे बाहेरून जोडायचा एक ड्राइव्ह धूळ खात पडला होता. "संग्रहालय काढताय का, वहिनी?" म्हणत त्यानं तो काढून दिला, वर दहा कोऱ्या फ्लॉप्यांचा डबाही दिला. कॉम्प्युटर जागा करणारी जुनी प्रणाली तिनं इंटरनेटवरून उतरवली, तिच्या फायली फ्लॉपीवर टाकल्या आणि प्रेस गाठली. टकटक. घरी परतताना तिनं कपाळावर हात मारून घेतला. नुसत्या फायली टाकून काय होतंय? फ्लॉपीच्या अगदी पहिल्या कप्प्यात 'इथून सुरू कर' असं लिहिलेलं असावं लागतं, आणि ते कॉपी करून येत नाही. पूर्ण फ्लॉपी जशीच्या तशी उतरवावी लागते. कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकलेली गोष्ट. इतकी विसरले मी?

गुरुवारी तिनं तशी फ्लॉपी केली. लॅपटॉपवर तपासली, अगदी चोख. प्रेसमध्ये टकटक. दुसरी केली, तिसरी केली. दुपारभर ती पिशवी खांद्याला लावून घर ते प्रेस, प्रेस ते घर अशा खेपा घालत होती आणि काका दर वेळी पायरीवरच तिचा आवाज ओळखून म्हणत, "या! आज आमच्याकडे भलतीच वर्दळ आहे."

तिसऱ्या खेपेला मात्र तिनं पिशवी खाली टाकली. "काका, माझंच काहीतरी चुकतंय."

"तुमचा ड्राइव्ह आणि माझा ड्राइव्ह, सासू-सुना दिसतात. एकीचं केलेलं दुसरीला पटत नाही."

ती हसली नाही. शनिवारच्या आधी एकच दिवस उरला होता. जाताना तिनं काकांची मूळची, बिघडलेली सुरुवातीची फ्लॉपी मागून घेतली, आणि निदान दुसऱ्या भागाची गोष्ट तरी लॅपटॉपवर वाचून आपल्या हातानं ब्रेलचे ठिपके टोचून देता येईल म्हणून त्या पुस्तकाची फ्लॉपीसुद्धा. मूळ फ्लॉपीवर कंपनीच्या माणसानं वीसएक वर्षांपूर्वी पेनानं लिहिलं होतं, 'हात लावू नये.'

शुक्रवारी सकाळी घर रिकामं झाल्यावर तिनं आधी पुस्तकाची फ्लॉपी घातली. लॅपटॉप म्हणाला, यावर काहीच लिहिलेलं नाही. तिनं बाहेर काढून पाहिली, परत घातली. कोरी. मग नुसत्या सवयीनं ती मेलेली सुरुवातीची फ्लॉपी घातली, आणि ती धडधडीत वाचली गेली. एकही चूक नाही.

तिनं दोन्ही फ्लॉप्या शेजारी शेजारी ठेवल्या. काकांकडे जी मेली ती इथे जिवंत. तिथे जी जिवंत ती इथे कोरी. तिनं फोन लावला.

"काका, पुस्तकांच्या फ्लॉप्या तुम्ही कधी नव्यावर उतरवता?"

"दर वर्षी! कंपनीचा माणूस सांगून गेला होता, जुन्या फ्लॉप्या खराब होतात म्हणून. प्रोग्रॅमचीही उतरवतो. एक वर्ष चुकवलं नाही."

"आणि सुरुवातीची?"

"तिला हात लावायचा नाही ना! तसं लिहून ठेवलंय म्हणाला."

"काका, फ्लॉपी नाही बिघडलेली. तुमचा ड्राइव्ह सरकलाय." फ्लॉपीवर न दिसणाऱ्या गोल गोल वाटा असतात, तिनं सांगितलं, आणि ड्राइव्हमधलं वाचणारं टोक त्या वाटांवरून चालतं. काकांच्या ड्राइव्हचं टोक वीस वर्षांत केसाकेसानं बाजूला गेलं होतं. दर वर्षी उतरवलेली पुस्तकं त्याच्याबरोबर सरकत गेली. जिला जपून ठेवलं ती तेवढी जागच्या जागी राहिली, आणि शेवटी त्याला ओळखूच येईना. "आता त्याला फक्त स्वतःचं लिहिलेलंच वाचता येतं."

"एवढं जपलं," काका म्हणाले. मग म्हणाले, "मग नवा ड्राइव्ह बसवायचा?"

"नव्याला तुमची पुस्तकं वाचता यायची नाहीत. सुरुवातीची फ्लॉपी तुमच्याच ड्राइव्हकडून लिहून घ्यायला हवी. पण माझ्या लॅपटॉपला तो जोडता येत नाही. पट्टीसारखी रुंद तार लागते त्याला, मधल्या काळातल्या कॉम्प्युटरांना असायची तशी..." बोलता बोलता ती थांबली.

पलंगाखाली एक खोकं होतं. घर बदलल्यापासून न उघडलेलं. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "अगं, तो डबा अजून आहे? टाकून दे म्हटलं होतं ना तुला?"

"नाही टाकला."

"कशासाठी ठेवलास?"

"असाच," ती म्हणाली.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तिनं स्वतः सुटे भाग आणून जुळवलेला कॉम्प्युटर होता तो. झाकणाच्या आत तेव्हाच्या मैत्रिणींनी मार्करनं सह्या केलेल्या. त्यातल्या एकीचाही नंबर आता तिच्याकडे नव्हता. तिनं सह्यांवरून कापड फिरवलं, मग आत वाकून पाहिलं. कोपऱ्यात रुंद तारेची जागा होती, आणि तारही, गुंडाळून रबर लावून ठेवलेली. आपणच ठेवली असणार.

रिक्षात मांडीवर तो डबा घेऊन ती प्रेसमध्ये पोचली तेव्हा भिंगरीची शाळा सुटायला सव्वा तास होता. काकांनी स्क्रू एकेक करून स्वतः काढले, तळहातावर मोजले आणि ड्राइव्ह तिच्या हातात ठेवला. तिनं तो आपल्या डब्याला जोडला, कोरी फ्लॉपी घातली, आधी त्याच्याकडूनच तिच्यावर वाटा आखून घेतल्या आणि मग सकाळी घरीच पेनड्राइव्हवर घेतलेली मूळ फ्लॉपीची हुबेहूब नक्कल लिहायला लावली. पडद्यावरची पट्टी सरकत सरकत शंभरावर गेली. ड्राइव्ह परत त्याच्या जागी. काकांनी बटण दाबलं.

गुरगुर झाली. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं. टकटक. टकटक. टकटक.

शिट्टी झाली.

काका कपाटाकडे वळले, चिठ्ठ्यांवरून बोट नेत त्यांनी प्रोग्रॅमची फ्लॉपी काढून घातली, मग तिनं परत आणलेली दुसऱ्या भागाची, आणि थोड्या वेळानं छपाईयंत्र असं काही धाडधाड सुरू झालं की माडीची फळी हादरायला लागली.

"आणखी चार करून ठेवते अशा," ती ओरडून म्हणाली. "एकही नुसती जपून ठेवू नका. सगळ्या वापरा, आळीपाळीनं. आणि दर वर्षी उतरवा."

"गाडीवाल्यांना आता कळवतो, येऊ नका म्हणून!" काका तितक्याच मोठ्यानं म्हणाले. "तुमचा हा डबा काय करणार?"

"घरी नेते."

पुस्तक हातात देताना त्यांनी विचारलं, "आता परत कधी?"

"तिसरा भाग लागेल तेव्हा."

"म्हणजे सहा महिने," काका म्हणाले. "वर्दळ संपली म्हणायची."

ती हसली. मग तिच्या लक्षात आलं, की गेल्या तीन दिवसांत आपण आठ महिन्यांचं बोललो. 'मधे येऊ का सहज?' असं अगदी ओठांवर आलं होतं. पण शाळा सुटायची वेळ झाली होती, आणि काकांचे हात यंत्राकडे वळलेही होते.

घरी आल्यावर भिंगरीनं पुस्तकाचा आधी वास घेतला. मग पहिल्या पानावर बोट ठेवलं आणि अडखळली. "मां... मांज..." परत मागे आली. "मांजर. मांजर छ... छप..." आईला इतकं बरं वाटलं की तिनं भिंतीला डोकं टेकलं. बोट पुढे होतं. तोंड त्याच्या मागून, धडपडत, दर अक्षराला ठेच खात येत होतं. दोन पानं अशी झाली. तिसऱ्यावर अडखळणं कमी झालं, चौथ्यावर आवाज बारीक झाला, आणि पाचव्या पानावर तो थांबला.

आई सावरून बसली. "काय झालं? अडलं का?"

उत्तर नाही. बोट मात्र चालत होतं. ओळीच्या टोकाला जात होतं, खाली उतरत होतं, परत डावीकडून निघत होतं. पोर मनात वाचत होती. असं ती आधी कधी वाचत नव्हती.

खिडकीतला उजेड गेला. दिवा लावायला हवा असं आईला वाटलं, पण तो कुणासाठी लावायचा? भिंगरी एकदम खुदकन हसली.

"काय गं? काय झालं गोष्टीत?"

"थांब ना आई. वाचतेय."

अंधारात पान उलटल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच हसू.