चार तारांची व्हेरोनिक

केरळात, थुंब्याच्या रॉकेट-केंद्रात बावीस वर्षं लेथ चालवून बाबालाल मुल्ला पेठ वडगावला परतले, तरी खतिजाच्या लेखी त्यांचा गुन्हा माफ नव्हता. बावीस वर्षांत माणसानं बायकोला चार ओळी धाडू नयेत? असलं कसलं काम? काम बाबालालना सांगता यायचं, कारण नव्हे. खरं कारण निव्वळ आळस. ते कुठल्या तोंडानं सांगणार!

म्हणून अठ्ठ्याण्णव साली गणपती मंडळाचे अध्यक्ष हंबीरराव देखाव्यासाठी रॉकेट मागायला आले, तेव्हा म्हातारा हरखला. आता खतिजा काम डोळ्यांनीच बघेल. त्यांनी पत्र्याची व्हेरोनिक केली. फ्रेंचांच्या अगदी सुरुवातीच्या रॉकेटांतली ही. उडताना वेग कमी, तोल जायचा, म्हणून तिला चार तारा बांधून सरळ वर काढायचे आणि मग तारा सोडून द्यायचे. बाबालालनी तारासुद्धा लावल्या आणि पाटीवर लिहिलं, ‘साउंडिंग रॉकेट’.

उद्घाटनाच्या संध्याकाळी मांडवात आले आणि चक्रावलेच. रॉकेटभोवती कपाटाएवढे चार स्पीकर, आणि चारी तारा त्यांत खोचलेल्या.

“ह्ये काय, हंबीरराव?”

“तुमीच लिवलंय की, साउंडिंग! चार तारा बगितल्या, म्हटलं चार बॉक्स लागणार.”

“अवो, आवाजाचं न्हाय त्ये! हिरीत दोरीला दगड बांधून खोली बगतोय न्हवं, तसं आभाळ मोजायचं!”

“मोजूया की, चाचा,” म्हणत हंबीररावांनी कॅसेट लावली.

मांडवाचे पत्रे थरथरले. पोरं नाचायला लागली. जो तो येऊन बाबालालची पाठ थोपटत होता, आणि आपलंच इंग्रजी चुकलं की काय, हे त्यांना कळेना. खतिजा पदरानं कान दाबून उभी होती. सगळं मुसळ केरात गेलं, असं त्यांना वाटलं.

घरी जाताना खतिजा म्हणाली, “रोज असला आवाज व्हता तितं?”

तिनं उत्तराची वाटच बघितली नाही.

“मग लिवायला कसं सुचंल वो माणसाला! आन् मी मेली इतकी वर्सं तोंड सोडत बसले.”

बाबालालना तिथल्या दुपारी आठवल्या. थुंब्याला जेवणाच्या सुट्टीत लेथ थांबले की समुद्र ऐकू यायचा, आणि ते सावलीला आडवे पडायचे.

“व्हय,” ते म्हणाले, “लई आवाज.”

आणि पत्रं न लिहिल्याची लाज त्यांना त्या घटकेला पहिल्यांदा वाटली.